हातचा

पुस्तक पाववाल्या डीट्रिशचं. उसनं, दोन रविवारांपुरतं.
पानांना आंबवणाचा वास,
भागाकाराच्या कोपऱ्यात पिठाचा अंगठा.
लॅटिन नाही त्यात. बाजारात घासाघीस करताना
तोंडातून निघते तीच जर्मन,
म्हणून आपोलोनियाला ते अडखळत का होईना, वाचता येतं.

पुस्तक एकेरीत हुकूम सोडतं:
खडू घे. चार आडव्या रेघा ओढ.
तळाची एकाची, तिच्यावर दहाची,
मग शंभर, मग हजार. हजारावर फुली मार, चुकशील.
दोन रेघांमधला खडा पाचांच्या तोलाचा.
असं कर.
असं केलंस की येतं.

का येतं, ते नाही सांगत.
तिनं पान उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं.

उदाहरणं मात्र भरपूर.
तिघं भागीदार मिरी घेतात,
एक व्यापारी लाइप्त्सिशला कापड मोजतो,
कुणी पिंप भरतो, कुणी रिकामं करतो.
सगळ्यांचं उत्तर नीट सुटतं,
कुणाला खोकला होत नाही.

तिचं उदाहरण त्यात नव्हतं.
मग तिनंच ते घातलं, पुस्तकाच्या चालीवर, मोठ्यानं,
चुलीशी बसलेल्या बार्टेलला ऐकू जाईल असं:

एक माणूस आहे. चांदीच्या खाणीत उतरतो.
आठवड्याला नऊ ग्रोशन. अकरा आठवडे उतरला.
दिव्याची चरबी आठवड्याला एक ग्रोशन, ती कापली.
छिन्नीची धार, सात फेनिग, तीही.
मंडळाच्या पेटीत एक फेनिग, देवाच्या नावानं.
बारा फेनिगचा ग्रोशन, एकवीस ग्रोशनचा गुल्डन.
सांग, त्याच्या बायकोला किती मिळावेत?

‘आहे’ म्हणाली ती. पुस्तकात सगळे ‘आहे’च असतात.

खडे नव्हते, वाटाणे घेतले.
अकरा नव्वे नव्याण्णव:
पन्नासाचा एक, दहाचे चार, पाचाचा एक, एकाचे चार.
लोरेंट्सचे अकरा आठवडे
दहा वाटाण्यांत बसले.
ती थोडा वेळ त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

आता कापायचं.
सतरा ग्रोशन, सोळा फेनिग.
सोळातले बारा उचल, त्यांचा एक ग्रोशन कर,
हातचा एक.
अठरा ग्रोशन, चार फेनिग.
उरले ऐंशी आणि आठ.

भांडण तयारच होतं तिच्या तोंडात,
पगारवाटपाच्या शनिवारपासून चघळलेलं.
खाणीचा कारकून येरोनिमुस,
विझलेल्या वातीचंही वजन करणारा,
त्यानं लुबाडलं नसेल तर कुणी?
तिनं फडक्याची गाठ सोडली, नाणी मांडली.
तीन गुल्डन, अठरा ग्रोशन, आठ फेनिग.
एक्याऐंशी होतात.

पुन्हा केलं. वरून खाली, मग खालून वर.
तिसऱ्यांदा बार्टेलला बसवलं,
त्यानं एक वाटाणा खाल्ला, एक चापट खाल्ली, आणि तेच काढलं.
एक ग्रोशन जास्तीचा.

हातचा विसरला होता येरोनिमुस.

वीस वर्षांत न विसरलेला माणूस.
की त्या दिवशी, तिच्या काळ्या ओढणीकडे न बघता,
लेखणी बारावर जरा थांबवून
तो विसरायचं ठरवून विसरला?
याला नियम कुठला लावायचा?
तिनं खरंच शोधला. त्रैराशिक पाहिलं,
व्यस्त त्रैराशिक पाहिलं, जिथं धान्य महागलं की
एका फेनिगची भाकर हलकी होत जाते.
भागीदारीत तर कुणी कुणाला काही सोडतच नाही.

सोमवारी नदीवर तो समोरून आला.
“हिशेब जुळला ना बाई?”
“मला कुठला येतोय,” ती म्हणाली, “बोटं संपली की संपलं.”
त्यानं मान हलवली. तिनंही.
दोघं आपापल्या वाटेनं गेले, भराभर.

संध्याकाळी तिनं रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या.
ऐंशी ग्रोशनचे चार, आठ फेनिगचे चार,
आठही वाटाणे उचलून हंडीत टाकले,
डब्यातले उरलेसुरले वर.
बार्टेलनं विचारलं, यातला लोरेंट्सबाबाचा कुठला?
ती ढवळत राहिली.

पुस्तक दुसऱ्या रविवारी परत गेलं.
बेरजेच्या पानावर, पुस्तक जिथं ‘असं कर’ म्हणतं तिथं,
खडूचं एक पांढरं बोट उमटलंय.
डीट्रिशला वाटेल, पीठच असेल.